खांद्यावरचा हात

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. काल जुन्या निगेटिव्हच्या डब्याचा आंबूस वास आला आणि राहवेना. ताईने जातीबाहेर लग्न केलं, त्या संध्याकाळी मुलुंडच्या घरी मी भाऊबीजेच्या फोटोतून तिला कात्रीने कापलं. आई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आली. "मेल्या, तुझ्या खांद्यावरचा तिचा हात तरी राहू दे!" तेवढाच राहिला. ताई परत कधी घरी आली नाही. गेल्या वर्षी वारली. स्कॅनर घेताना मुलगा म्हणाला, "बाबा, फोटोंना हा साधा झकास आहे. निगेटिव्हवाला कशाला उगाच?" मी निगेटिव्हवालाच घेतला. निगेटिव्हमध्ये ताई अजून अख्खी होती. पडद्यावर ती हसत उमटली. "ताई, चुकलं माझं," हे तिच्यासमोर म्हणायचं मात्र राहूनच गेलं.