बाबांचा बांबू

मी हिमनदी मोजते. बर्फात खोल भोक पाडून बांबू पुरायचा, वर्षानं जाऊन तो किती उघडा पडला ते पाहायचं. तितका बर्फ वितळला. बांबू मात्र आमच्या गावाहून, धानोऱ्याहून न्यावा लागतो. जन्मभर जंगलात बांबू तोडलेल्या माणसाच्या लेकीनं तो बाजारातून घेतला, तर घरात महाभारत होईल. "तीन पावसाळे पाह्यलेला घे, कोवळा फाटते," असं बजावत बाबा स्वतः निवडून देतात.

यंदा सुट्टीत त्यांना एकाच बांबूचे दोन फोटो दाखवले. गेल्या वर्षी पुरला तेव्हा तो माझ्या गुडघ्याएवढा वर होता, यंदा डोक्याच्याही वर. बाबा भडकलेच.

"एवढा चांगला बांबू देल्लो अन् तुले धड गाडता नाई आला? माह्या वालाच्या मांडवाचा खांब पाह्य, हालला का कधी?"

इतकी वर्षं शिकून हे ऐकायचं! मीही तडकले. "बाबा, बांबू जागचा हललाच नाही. भोवतालचा बर्फ खाली गेला."

बाबांनी दोन्ही फोटो पुन्हा पाहिले. मग कोयता घेऊन उठले.

"चाल माय, आता लंबा पाहू."