अण्णांच्या गाडीचे पॉइंट आणि बबनभाऊ

बबनभाऊ माझ्या वडिलांशी तीन वर्षं खोटं बोलले.

आज सकाळी बबनभाऊ गेले. दुपारी पिंपरी पेंढारला, त्यांच्या गावी, सगळं उरकलं. घरी येऊन तशीच लिहायला बसले आहे.

बबनभाऊंचं कळंबला हायवेवर गॅरेज होतं. आम्ही पारगावचे. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जुनी पेट्रोल अँबेसेडर होती. नव्वदच्या दशकात आमच्या वस्तीवर चारचाकी तेवढीच. नवरीची पाठवणी असो की कुणाचा मोडलेला पाय, गाडी अण्णांचीच.

त्या गाड्यांना पॉइंट असायचे. दोन इवल्याशा टिकल्या उघडझाप करायच्या, तेव्हा इंजिनात ठिणगी पडायची. मधली फट जेमतेम पोस्टकार्डाच्या जाडीएवढी. ती मिटली की गाडी जागेवर बंद.

ती फट अण्णा स्वतः लावायचे. दर दुसऱ्या रविवारी, गरज असो नसो.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला.

आधी चहाच्या कपात दिसलं, मग सहीत. अण्णा त्यावर बोलले नाहीत, म्हणून घरात कुणीच बोललं नाही.

बबनभाऊंच्या मात्र लक्षात आलं. ते रविवारी चहाला म्हणून यायला लागले. अण्णा पॉइंट लावून हात धुवायला आत गेले की हे बॉनेटखाली वाकायचे, फट नीट लावायचे, स्क्रू पिळायचे. दोन मिनिटांत काम. अण्णा बाहेर आले की बबनभाऊ स्टार्टर मारून म्हणायचे, "काय हात हाय अण्णा तुमचा! आमच्या गॅरेजात असा एक माणूस न्हाई."

अण्णा खूश.

एकदा मी पाहिलं. तेव्हा मी मंचरला कॉलेजात होते.

"ताई, बोलू नका," ते हळूच म्हणाले. "एवढंच तर राहिलंय त्यांच्याकडं."

मी बोलले नाही.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवू, असं बबनभाऊंनी दोन-तीनदा सुचवून पाहिलं. पॉइंटच नकोत, फट लावायची कटकटच नको. अण्णा ऐकेनात. "तो डबा रस्त्यात गेला तर काय करू? पॉइंट निदान घासून चालू करता येतात."

एका डिसेंबरात, आठवड्याच्या मधल्याच वारी, अण्णांना वाटलं गाडी जरा मिसिंग करतेय, मधेच अडखळतेय. त्यांनी पॉइंट उघडले, लावले. बबनभाऊंना पत्ताच नाही.

त्याच दुपारी ऊसतोडीवरचा एक माणूस पळत आला. बायकोला फडातच कळा सुरू झाल्या होत्या.

शोभा नाव तिचं. मागच्या सीटवर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

मंचरच्या अर्ध्या वाटेत गाडी बंद पडली.

अण्णांनी बॉनेट उघडलं. स्क्रू सैल राहिला होता, फट मिटली होती. स्क्रूड्रायव्हर खाचेत बसेना. तीनदा सटकला. मी उतरून धरला, पण मला किती फिरवायचं तेच कळेना. मागे ती ओरडत होती.

अर्ध्या तासानं एक टेम्पो आला.

शोभा वाचली. मुलगी गेली.

डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तरी काही सांगता आलं नसतं. अण्णांनी ते ऐकूनच घेतलं नाही.

बबनभाऊंनी गाडी दुरुस्त केली. तिसऱ्या दिवशी अण्णा, बबनभाऊ आणि मी शोभाला भेटायला गेलो. उसाच्या पाचटाच्या कोपीत, त्यांच्या झोपडीत, ती पडून होती. म्हणाली, "दादा, तुमी नेलं म्हणून मी तरी हाय."

परत निघालो. साखर कारखान्याच्या अलीकडे बबनभाऊ म्हणाले, "अण्णा, गाडी बाजूला घ्या."

अण्णांनी घेतली.

"तुमचा हात थरथरतोय. तीन वर्षं झाली, तुमच्या मागनं मीच फट लावतोय. आधीच बोललो असतो तर तुमी परवा पॉइंटला हात लावला नसता. माझंच चुकलं."

"मला माहीत होतं," मी मागून म्हणाले.

अण्णांनी मागे वळून पाहिलं नाही. स्टिअरिंगवरचा स्वतःचा हात बघत होते.

मग म्हणाले, "त्या बाईला हे कोण सांगणार?"

गाडी वळवली. कोपीच्या दाराशी उभं राहून अण्णांनी तिला सगळं सांगितलं. गाडी माझ्या हातानं बंद पडली, म्हणाले.

शोभानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

तिचं ते तोंड फिरवणं मला अजून दिसतं.

पुढच्या आठवड्यात अण्णाच कळंबला गेले. "काढ ते पॉइंट. तुझा डबा बसव."

बबनभाऊंनी पुण्याहून किट आणलं. एका सकाळीत काम झालं. पॉइंट आणि कंडेन्सर बाहेर, त्या जागी मॅग्नेटची रिंग आणि सेन्सर, कॉइलला दोन वायरी. अण्णा अंगणात खुर्चीवर बसून बघत होते. गाडी पहिल्याच स्टार्टरला सुरू झाली. इतकी एकसारखी ती कधीच चालली नव्हती.

"आता किती दिवसांनी उघडायचं?" अण्णांनी विचारलं.

"उघडायचंच न्हाई, अण्णा."

"बरं," म्हणाले आणि आत गेले. नंतर त्यांनी बॉनेटला हात लावल्याचं मला आठवत नाही. थोड्या दिवसांनी गाडी चालवणंही सोडलं.

बबनभाऊ मात्र रविवारी येत राहिले. गाडीत करण्यासारखं काही नव्हतं तरी. पुढे अण्णांना कप धरवेना, तेव्हा बबनभाऊ बशीत चहा ओतून, फुंकर मारून त्यांच्या ओठांना लावायचे. अण्णा गेले त्या रविवारपर्यंत हे चाललं.

मागच्या महिन्यात बबनभाऊंना भेटायला गेले होते. खूप खंगले होते.

"ताई, ती पोरगी आज केवढी असती वो?"

मी मनात हिशोब केला.

"मी रोज मोजतो," ते म्हणाले.

बबनभाऊ, त्या पोरीचं ओझं तुमच्या एकट्याचं नव्हतं. त्या दिवशी हे म्हणायला हवं होतं, राहून गेलं.

आता सुखानं जा.
तुमच्या ताईचा शेवटचा नमस्कार.