पाणी पिणाऱ्या बायका

सोनोग्राफीच्या बाहेरच्या बाकावर आम्ही चौघी पाणी पीत बसलो होतो. तिघी गरोदर, मी साठीची. शेजारची म्हणाली, "मावशी, अजून एक ग्लास घ्या, नाहीतर परत बसवून ठेवतील." मी निमूट घेतला.

खरं तर माझ्या तपासणीला पाणी लागतच नाही. कर्करोगात डावा स्तन गेला, त्या जागी सिलिकॉनचा बसवला. तो आत कुठे फाटला-बिटला नाही ना, एवढंच दरवर्षी बघायचं असतं. पहिल्या वर्षी सगळ्या पीत होत्या म्हणून मीही प्यायले. आता मुद्दाम पिते. पाणी पिणाऱ्या बायका एकमेकींशी बोलतात.

एकेक करून तिघी तपासून घेऊन घरी गेल्या. मग माझा नंबर लागला.

डॉक्टरबाईंनी जेल लावलं. उजवीकडे गार लागलं, डावीकडे काहीच कळलं नाही. पडद्यावर मात्र तो सिलिकॉनचा स्तन दिसला, विहिरीत वाकून पाहिल्यावर दिसतं तसं काळं, संथ पाणी. माणसं "कशी आहेस?" विचारतात आणि वरवर बघून निघून जातात. आत काही फाटलंय का, हे इतक्या सावकाश, कडेकडेने कोण बघतं?

"सगळं शाबूत आहे," बाई म्हणाल्या. "बरोबर कोण आलंय?"

"बाहेर बसल्यात," मी म्हटलं.

बाहेर बाकावर नव्या दोघी बसल्या होत्या. मी ग्लास भरून घेतला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.