गोधडीतला हुंकार

वसूताई, गुडघा काय म्हणतोय? बंड्या, खोकला गेला का रे? नलू, डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं ना गं? मी ठणठणीत!

आजची गंमत ऐका. माझी नात सायली मुलुंडच्या एका छोट्या कॉलेजात मास कम्युनिकेशन शिकते. दुपारपर्यंत तिला मनोरीच्या कोळणींवरचा रेडिओ कार्यक्रम द्यायचा होता. कॉलेजात स्टुडिओ नाही, म्हणून आवाज घुमू नये यासाठी आम्ही दोघं गोधडीत शिरलो. ती मोबाइलवर रेकॉर्ड करणार, मी बॅटरी धरणार.

ती कागदावरचं घडाघडा वाचू लागली. माझ्या तोंडून निघालंच, "हं... मग?"

"आबा, गप्प बसा ना! वाट लागेल माझी!"

गप्प कसला बसतोय! गोष्ट ऐकायची तर हुंकार द्यायचा, ही आपल्या गावची सवय. शेवटी वैतागून तिने कागद भिरकावला आणि मलाच सगळं सांगत सुटली. पुन्हा रेकॉर्ड करायला वेळ नव्हता. तसंच दिलं.

आत्ता तिचा फोन आला. "आबा, सर म्हणाले, आबांचे हुंकार कापून टाकू नकोस. आज पहिल्यांदा तू वाचत नव्हतीस, सांगत होतीस!"

म्हणजे निम्मे मार्क माझेच की! तुमच्याकडे अजून कोणी हुंकार देतं का? लवकर लिहा, फोन हातातच आहे.