ब्राझीलकाकूंनी सांगितलेला शेवट

जपानला येऊन पोर्तुगीज शिकलेली बाई माझ्या माहितीत एकच, आमच्या ब्राझीलकाकू. मूळच्या डोंबिवलीच्या. काकांच्या बँकेनं त्यांना टोकियोला पाठवलं आणि घरी वेळ जाईना म्हणून काकू इचिकावातल्या एका जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात अर्धवेळ कामाला लागल्या. तिथे शेजारी उभ्या असायच्या त्या सगळ्या ब्राझीलच्या बायका. "अगं, त्या केवढ्यानं हसायच्या! कशाला हसतात ते कळायला नको?" एवढ्यासाठी त्या पोर्तुगीज शिकल्या.

त्यांतल्या एकीनं त्यांना तिकडच्या एका जुन्या, पण भलत्याच आधुनिक लेखकाची पुस्तकं दिली आणि काकू त्याच्या नादानं पार कामातून गेल्या. टोकियोत आमच्या वस्तीतल्या, हिगाशी-कसाईच्या बागेत आम्ही नव्यानं आलेल्या आयटीवाल्यांच्या बायका मुलांना घसरगुंडीवर सोडून बसायचो. काकू हातवारे करत त्याच्या कविता मराठीत सांगायच्या. शहरातल्या बड्या लोकांची त्यानं अशी काही टर उडवली होती की हसून हसून आमची पोटं दुखायची. "यमक नाही, वृत्त नाही, लोकांनी भर सभेत शिट्ट्या मारल्या मेल्याला. पण हा आपला वाचतोच आहे!" हे सांगताना काकूंचा चेहरा असा फुलायचा, जणू तो त्यांचा धाकटा दीर होता.

मग त्याच्या गोष्टी झाल्या आणि हिवाळ्यात त्याची जाडजूड कादंबरी सुरू झाली. एक धोबीण हरवलेल्या मुलीला शोधायला चालत समुद्राकडे निघते. काकू घरी पुढचं वाचायच्या आणि शनिवारी आम्हाला सांगायच्या. आम्हा सगळ्यांच्या आया लांब भारतात. त्या धोबिणीत आम्ही पार अडकलो. आणि ती डोंगरात असतानाच काकांची मुंबईला बदली झाली. बदली थांबवता येते का म्हणून मी नवऱ्याला विचारलंसुद्धा, "काकांच्या बँकेत तुझ्या ओळखीचं कुणी आहे का रे?"

काका कचऱ्याच्या बाबतीत जपान्यांहून कडक. निघायच्या आठवड्यात, रद्दीच्या दिवशी, त्यांनी जुनी मासिकं सुतळीनं सुरेख बांधून खाली नेऊन ठेवली, आणि त्या गठ्ठ्यात कादंबरीही गेली. काकूंना कळलं तेव्हा गाडी गठ्ठा उचलून निघाली होती. काकू गाऊनवरच धावत सुटल्या, मागे मी बाबागाडी ढकलत, माझ्यामागे सामान बांधायला आलेल्या बाकीच्या. जपानी, पोर्तुगीज, मराठी, तोंडाला येईल त्या भाषेत आम्ही "थांबा" म्हणून ओरडत होतो. सिग्नलला गाडी सापडली. गाडीवरच्या हातमोजे घातलेल्या माणसानं शांतपणे गठ्ठा शोधला, सोडला, कादंबरी काढून दोन्ही हातांनी काकूंना दिली, उरलेली मासिकं पुन्हा तशीच बांधली आणि वाकून नमस्कार केला. काकू वाकल्या, तो पुन्हा वाकला, शेवटी मागच्या टॅक्सीनं हॉर्न दिला.

"आता घरी नेतच नाही. इथेच संपवते," म्हणून काकू फुटपाथच्या कडेला बसल्या आणि तेवढंच वाचायचं राहिलेलं शेवटचं प्रकरण तिथल्या तिथे मराठीत सांगू लागल्या. मध्येच थांबल्या. दोन पानं मनातच वाचली, चष्मा पुसला, आमच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पोचली गं बाई! दार लेकीनंच उघडलं. म्हणते कशी, आई, किती वाळलीस! आधी जेव." आम्ही भर रस्त्यात टाळ्या वाजवल्या. एक म्हातारे आजोबा सायकल थांबवून बघत राहिले.

काकू मुंबईला गेल्या, आणि काही वर्षांनी या जगातूनही गेल्या. नंतर आम्ही ओसाकाला आलो, मी नोकरीला लागले. ऑफिसात एक तरुण ब्राझीलचा निघाला. मी मोठ्या उत्साहानं ती कादंबरी सांगितली, तर तो म्हणाला, "आम्हाला शाळेत होती. पण देशपांडे-सान, ती बाई पोचतच नाही. वाटेतच मरते."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि लगेच हसूही फुटलं. ती दोन पानं मनातच वाचणाऱ्या काकू आत्ता समोर असत्या तर मी त्यांना मिठीच मारली असती. त्या तरुणाला मात्र मी ठणकावून सांगितलं, "तुमच्या शाळेनं चुकीची प्रत लावली होती. ती पोचली. जेवलीसुद्धा."