कैचीवरची माती

आमचे मिस्त्री कुणाच्याही घरात शिरले की आधी माणसांकडे बघायचे नाहीत, वर आढ्याकडे बघायचे. रामराम नंतर. लग्नात अक्षता टाकण्याआधी त्यांनी मांडवाचे वासे हलवून पाहिलेले मी पाहिलेत. लोक त्यांना 'वरबघे मिस्त्री' म्हणत. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "खालचं ठेचाळतंय, वरचं मारतंय."

तेव्हा लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. साहेब आले, शिक्के आले, खुर्च्या आल्या, पण बसायला जागा कुठे होती? आमच्या टंचाई शाखेची वर्णी एका जुन्या मोटार गॅरेजात लागली. मी कंधारची, नवीन लागलेली हंगामी टायपिस्ट. दुष्काळाचा उन्हाळा आणि डोक्यावर नुसते पत्रे. दुपारी टाईपरायटरची बटणं बोटांना चटके द्यायची. साहेबांनी पत्र्याखाली छत घालायचं ठरवलं आणि मिस्त्रींना बोलावलं.

पत्रे पेलणाऱ्या लाकडी त्रिकोणांना ते कैच्या म्हणत. कैच्यांच्या खालच्या दांड्यांना त्यांनी पातळ फळ्या ठोकल्या, फळ्यांवर गोणपाटाचे दोन थर अंथरले. ठोकण्याआधी प्रत्येक दांडीला कान लावायचे. त्याच आठवड्यात माझ्या भाड्याच्या खोलीवर येऊन त्यांनी माझी खाट तुळईखालून ओढून भिंतीशी लावून दिली. परक्या गावात माझी एवढी काळजी घेणारं दुसरं कुणी नव्हतं, हे मी तेव्हा त्यांना सांगितलं नाही.

छत झालं तरी उकाडा थोडाच कमी झाला. आणि मी बोलून गेले, "आमच्या घरावर मातीचं माळवद आहे. भर उन्हात गार असतं. फळ्यांवर चार बोटं पांढरी माती टाकली तर?" साहेबांना ते लगेच पटलं. मराठवाड्यात कुणाला पटलं नसतं? आम्ही सगळे त्याच मातीखाली वाढलेलो. मिस्त्रींनी मात्र हातातली हातोडी खाली ठेवली.

"साहेब, माळवद भिंतीवर बसतंय. ही कैची पत्र्यापुरती हाय. माती न्हाई पेलायची."

"तुमच्या घरावर काय आहे, मिस्त्री?"

"माळवदच हाय. पण भिंती हातभर रुंद हायेत."

सगळे हसले. मीही हसले. मिस्त्री नाहीच म्हणाले, तेव्हा दुसरे गडी लावून, पत्रे उचकटून माती टाकली आणि पत्रे परत बसवले. गॅरेज खरंच गार झालं.

त्यानंतर दर सोमवारी, कुणी न बोलावता, मिस्त्री यायचे. कैच्या पेलणाऱ्या मधल्या खांबाला कान लावायचे आणि निघून जायचे. एकदा मी चिडवलं, "काय मिस्त्री, झालं की नाही गार?"

"गार तर मढं बी असतंय, बाई."

मला राग आला. पण तेव्हापासून टाईप करताना मधेच माझे हात थांबायला लागले. वरून कधी कधी चिमूटभर माती कागदावर पडायची. मी ती फुंकून टाकायचे.

पावसाचा पत्ता नव्हता. लाकूड वाळतच गेलं. एका सोमवारी मिस्त्री खांबाशी फार वेळ उभे राहिले, मग माझ्या टेबलापाशी आले.

"लाकूड आखडलंय. खिळं सुटून राहिलेत. साहेब दौऱ्यावर, माझं कोण ऐकतंय? तुमच्या शब्दानं माती चढली, बाई. आता माणसं तुमीच भाईर काढा."

मी ओरडून सांगितलं. कुणी हललं नाही. बाहेर ऊन, आत गारवा. टँकरचे अर्ज घेऊन आलेली माणसं तो सोडून कशाला उठतील? शेवटी मी अर्जांचा गठ्ठा आणि शिक्का उचलला आणि समोरच्या कडुलिंबाखाली जाऊन बसले. शिक्का गेला तशी रांग मागोमाग आली आणि रांगेमागे आमचे कारकून मला बोल लावत बाहेर आले.

मिस्त्री आत टेकू लावत होते. कपाटामागे गारव्याला एक म्हातारी झोपली होती, ती फक्त त्यांना दिसली. तिला त्यांनी दाराबाहेर ढकललं, तेवढं मी पाहिलं. मग आवाज झाला आणि दारातून पांढरी धूळ बाहेर आली. धूळ बसेपर्यंत कुणी आत गेलं नाही. मीही नाही. मिस्त्रींचा जीव तिथेच गेला.

चौकशी झाली. अहवाल टाईप करायला माझ्याकडेच आला. 'मिस्त्रीचे काम कच्चे होते,' असं त्यात होतं. मी खाली एक ओळ वाढवली, मातीची सूचना माझी होती. साहेब रागावले नाहीत. कागद परत देत शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्हाला कायम करायचा प्रस्ताव याच आठवड्यात जातोय. हे पुन्हा टाईप करून आणा."

मी ती ओळ सोडून अहवाल पुन्हा टाईप केला. माझ्या कागदात नेहमी दोन-चार चुका असायच्या. त्यात एकही नव्हती.