सीतेचं शेवटचं रीळ

रीळ जळालं नव्हतं. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. ते माझ्या स्टुलाखाली डब्यात होतं.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी टुरिंग टॉकीजचा ऑपरेटर होतो, म्हणजे तंबूतल्या सिनेमाचं मशीन चालवणारा. मिरजगावच्या जत्रेत सीतेचा पिक्चर लावला होता. पिक्चर सलग येत नाही. त्याची चौदा-पंधरा रिळं असतात. राज्याभिषेकानंतरचं सगळं शेवटच्या रिळात उरकलेलं. त्यात सीतेला पुन्हा एकदा दिव्य करायला सांगतात. ती नकार देते, धरणीला हाक मारते आणि धरणी तिला पोटात घेते. तेव्हा बायका पडद्यापुढं नारळ फोडायच्या.

गावातली सगुणा लागोपाठ दोन दिवस खेळाला आली होती. नवऱ्यानं संशय घेऊन तिला बाहेर काढलेलं. भावकीचं म्हणणं, देवळात बेल-भंडारा उचलून शपथ घे, मग नांदवू. माहेरी आई घ्यायला तयार नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी रिळं गुंडाळत होतो, तेव्हा ती आली.

"दादा, आज काष्टीवरनं आई येतीया. शेवटचं नीट दाखवा."

दाखवतो म्हणालो.

दुपारी तिचा चुलतसासरा टॉकीजच्या मालकांना भेटून गेला. मालक माझ्याकडं आले.

"शेवटचं रीळ काढ. राज्याभिषेकावर संपव."

"लोक विचारतील."

"जळालं म्हण. फिल्म जळतेच की."

मी काढलं. पोटासाठी केलं असंही म्हणवत नाही. जत्रेच्या दिवसांत दुसरा ऑपरेटर मिळाला नसता, हे मालकांनाही ठाऊक होतं अन् मलाही. वाद नको म्हणून काढलं.

संध्याकाळच्या खेळाला राज्याभिषेक झाला अन् पडदा पांढरा पडला. बायकांच्या बाजूनं, आईच्या शेजारून सगुणा उठली. पुढचं लावा म्हणाली. मी म्हणालो, रीळ जळालं.

"सकाळी तर तुमच्या हातात हुतं."

पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, बाईला सपान पडलं. तंबू हसला. मी मान खाली घातली.

ती पडद्यापुढं जाऊन उभी राहिली. हसणाऱ्यांकडं तिनं बघितलंच नाही.

"आये, तुला दाखवायचं हुतं ते मीच सांगते. सीता म्हनली, येकदा इस्तवात बसले, पुन्यांदा न्हाई बसायची. मग धरनी आली. लोक काय म्हनतील, असं ती म्हनली न्हाई. लेकीला घेतलं अन् गेली."

मालक दोनदा ओरडले, दिवा बंद कर. तेवढं एक मी ऐकलं नाही. तिचं संपेपर्यंत पडद्यावर उजेड ठेवला. फार काही केलं असं नाही.

सकाळी देवळाशेजारी आम्ही तंबू उतरवत होतो. पंच बसले होते, भंडाऱ्याचं ताट मांडलं होतं. सगुणा बोलायच्या आत म्हातारीनं ताट बाजूला सारलं.

"माझी लेक काय बी उचलायची न्हाई. तिचं बोचकं तेवढं द्या."

बोचकं आलं. दोघी एस.टी. स्टँडकडं चालत्या झाल्या. माझ्या अंगावरून गेल्या. मी दोरी गुंडाळत राहिलो.

रीळ डब्यात घालता येतं, बघितलेलं घालता येत नाही, एवढं त्या धंद्यानं मला शिकवलं. पण सगुणा खोटं बोलत नव्हती, हे भर तंबूत सांगायचं माझ्याकडून राहिलं. ते देणं अजून माझ्यावर आहे.